लूकचा चेहरा

माझ्या धाकट्याला एक खोड आहे. कुणी त्याला काही शिकवलं, की दुसऱ्या दिवशी ते त्याला आधीपासूनच येत असतं. पाच वर्षांचा असताना मी त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली, तर संध्याकाळी शेजारच्या मुलांना सांगत होता, मला झोपेत सुचलं. आम्ही सगळे हसलो. हसायला नको होतं. आता पंचेचाळिशी गाठली त्यानं. मोठ्या शहरात राहतो, चित्रांची प्रदर्शनं भरतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. आणि फोटोखाली एक शब्द दर वेळी असतोच, स्वयंशिक्षित. सुनेनं वाचून दाखवला तेव्हा मी विचारलं, "म्हणजे काय गं?"

"म्हणजे स्वतःचं स्वतः शिकलेले."

"असं का? मग आम्ही इतकी वर्षं खाली काय माश्या मारत होतो?"

सून बिचारी चांगली आहे, पण हसायचं की नाही ते तिला नवऱ्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

खाली म्हणजे आमची कामाची खोली. वर राहायचं आणि खाली काम, अशी घराची रचना ह्यांच्या आजोबांपासूनची. चर्चमध्ये लावायची चित्रं आमच्याकडे होतात, लाकडी फळीवर, तेलरंगात. मी सून म्हणून आले तेव्हा चार इयत्ता शिकलेली होते आणि मला फक्त स्वयंपाक येत होता. सासूबाई म्हणाल्या, "फळीला लावायचा चिकट सरस शिजवणं म्हणजे स्वयंपाकच. फक्त कुणी खात नाही, म्हणून नावंही ठेवत नाही." तेव्हापासून मी सरस शिजवते, खडूची पूड चाळते, फळीला पांढऱ्या अस्तराचे आठ हात देते, रंग अळशीच्या तेलात घोटते. ब्रश मी कधी धरला नाही. पण पन्नासच्या वर वर्षं चित्रकारांच्या पाठीमागे उभं राहिलेल्या बाईला चित्र कळत नाही असं कुणी म्हणू नये.

शुभवर्तमान लिहिणारे चौघे म्हणजे आमच्या घरचेच. कोणता कोण, हे तोंडावरून ओळखायचं नसतं, सोबतीला कोण बसलंय त्यावरून ओळखायचं. मत्तयाजवळ देवदूत. मार्काजवळ सिंह. योहानाजवळ गरुड. आणि लूकच्या वाट्याला बैल. लूक वैद्य होता, आणि जुनी माणसं सांगतात की चित्रकारही होता. पवित्र मरियेला समोर बसवून त्यानं तिचं चित्र काढलं म्हणे. म्हणून बाकीचे तिघे लिहीत बसलेले असतात आणि लूकच्या हातात पुष्कळदा ब्रश असतो. चित्रकारांचा संत तो. आमचे हे म्हणायचे, "बघ, सिंह नाही, गरुड नाही, आपल्याला बैल. देवालाही ठाऊक होतं, हा धंदा कसा आहे ते."

तर या घरात एक पद्धत आहे. चित्रकारानं आयुष्यात लूक एकदाच काढायचा, आणि ज्यानं त्याचा हात घडवला त्याचा चेहरा लूकला द्यायचा. ह्यांच्या लूकला माझ्या सासऱ्यांचा चेहरा आहे, वाकड्या नाकासकट. सासऱ्यांच्या लूकला त्यांच्या काकांचा. पैसा नाही, सोहळा नाही, खाली नाव लिहायचं नाही. पण ज्याला शिकवलं त्यानं तुमचं तोंड चर्चच्या भिंतीवर ठेवलं, की शिकवणाऱ्याचं ऋण फिटलं, असं मानतात.

आमच्या चर्चमध्ये फादर ज्या लाकडी चौथऱ्यावरून प्रवचन देतात, त्याच्या चार बाजूंना हे चौघे आहेत. ह्यांच्या आजोबांनी केलेले. त्यातला लूक भिंतीच्या बाजूला. ओल धरून धरून फळी कुजली, तोंडाचा पापुद्रा गळून पडला. नवे फादर घरी आले आणि म्हणाले, "आजी, लूक पुन्हा करायला हवा. तुमच्या मुलानं केला तर गावाला आनंद होईल."

मी धाकट्याला निरोप पाठवला. वाटलं होतं, नाही म्हणेल. तो लगेच हो म्हणाला.

आता खरी गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हे चाळिशीत असताना ह्यांच्या हाताला कंप सुटला. आधी पेला हिंदकळायचा, मग ब्रश. कपडे, आभाळ, मागची झाडं कशीबशी व्हायची. चेहरा होईना. ऐन तेव्हा तीन चर्चची कामं घेतलेली. माझी थोरली सोळा वर्षांची होती. एका दुपारी मी जेवायला हाक मारायला खाली गेले, तर हे भिंतीकडे तोंड करून बसलेले आणि थोरली फळीपुढे उभी. मरियेचा चेहरा करत होती. मी दारातच थांबले. डोळा तिनं खालच्या पापणीपासून उचलला. सगळे वरून काढतात. तिनं खालून, एका ओल्या रेघेत, आणि तो डोळा माझ्याकडे बघायला लागला.

त्या दिवसापासून चेहरे तिचे. हात तिचे. अकरा वर्षं. आणि गिऱ्हाईक आलं, की मी तिला वर पाठवायची, "जा, चहा ठेव," आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "आत्ताच उठून गेलेत हे, बसा." टर्पेंटाइननं मी तिची बोटं चोळून काढायची, नखं तेवढी निळी राहायची. चर्चचं काम पोरीनं केलंय हे कळलं असतं, तर पुढचं काम आलं नसतं. असं मी म्हणायची. खरंही होतं ते. पण खऱ्याच्या आडोशाला माणूस काय काय लपवतो!

धाकटा तेव्हा सहा-सात वर्षांचा. त्याला तिनंच शिकवलं. रोज दुपारी शाळेतून आला, की त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवून. "घट्ट धरू नकोस, बाळ, पाखरू आहे असं धर." बापाजवळ तो जायचाही नाही, त्या थरथरत्या हाताची त्याला भीती वाटायची. मी मात्र गावात सांगत राहिले की बाप शिकवतो. हे गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि सगळे म्हणाले, बापाचा हात उतरलाय पोरात. मी मान डोलावली. थोरली तिथंच उभी होती, लोकांना पाणी देत.

आज ती पंचावन्नची आहे. बोटं आखडली आहेत, डाव्या डोळ्यात फूल पडलंय, उजव्यानं हातभर अंतरापर्यंतचंच दिसतं. लग्न झालं नाही. खालच्या खोलीत चौकटींना वर्ख लावते, जुन्या फळ्या पुसते.

धाकटा आला तो सुनेला घेऊन, दोन पेट्या आणि एक घडीची खुर्ची घेऊन. फळी थोरलीनंच तयार करून ठेवली होती. आठ हात. मी म्हटलं होतं, मी करते. तर म्हणाली, "नको, ही मी करते." प्रत्येक हात वाळला की गाल लावून बघायची गुळगुळीत झालाय का. डोळ्यांना दिसत नाही ना.

पहिल्या दिवशी जेवताना तिनं मला हळूच विचारलं, "आई, दाढीत मी कशी दिसेन गं?"

"तुझ्या बापासारखी."

"ई!"

"ई काय? बाप देखणा होता. दाढी तेवढी झुडपासारखी वाढायची, एवढंच."

आम्ही दोघी इतक्या हसलो की सून आतून धावत आली. मला आठवत नाही त्याआधी कधी तिला असं हसताना ऐकलं होतं. मी कधी कुणाची माफी मागितलेली नाही, मला ती भाषा येत नाही. मला वाटलं, माझं तोंड न उघडता माझी चूक निस्तरली जातेय. पोरगा चित्रातून बोलेल, मी बसून बघेन. आयतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला बोलावलं. "ताई, जरा खिडकीपाशी बस ना."

ती धुतलेले कपडे घालून आली. केस विंचरलेले. मी मुद्दाम तिथेच रंग घोटत बसले.

"मान खाली घाल. अजून थोडी. हां. खांदे सोड."

"असं?"

"तोंडही सैल सोड. थकल्यासारखी दिस."

"त्याला मला नाटक करायला लागतंय होय रे?"

तो हसला नाही, भराभर कागदावर रेघा मारत होता. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, लूक आपल्या चित्रावर वाकलेला असतो, मान खाली हवीच. तीन दिवस बसवलं तिला. मान आखडली, मी तेल लावून दिलं. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणाली, "छान दुखतंय."

मग त्यानं फळीवर काम सुरू केलं आणि पुढं पडदा लावला. तीन आठवडे. आमच्या खोलीत पडद्याची पद्धत नाही, पण म्हटलं, शहरात असेल. थोरली रोज विचारायची, "झालं का रे?" आणि तो म्हणायचा, "धीर धर ना, ताई. तुझं तर सगळ्यात आधी झालंय."

तेलरंग वाळायला वेळ लागतो, पण त्यानं काहीतरी बाटलीतलं घालून पटकन वाळवला. गुरुवारी सकाळी मला हाक मारली. आमच्याकडे चित्रावर शेवटचं व्हार्निश घरातलं सगळ्यांत मोठं माणूस लावतं. काढणाऱ्यानं स्वतः लावायचं नाही, कारण त्याला आपल्या चुका दिसत नाहीत. व्हार्निश लागेपर्यंत काहीही खरवडता येतं, बदलता येतं. लागलं की चित्र मिटलं. मी व्हार्निशची वाटी कोमट पाण्यात ठेवली, रुंद ब्रश घेतला आणि खाली गेले. त्यानं पडदा ओढला.

चित्र चांगलं होतं. आधी हे सांगते, कारण राग माझ्या मनात आहे, डोळ्यांत नाही. उजेड डावीकडून आलेला, मरियेचा निळा झगा असा की बोट लावलं तर ओलं होईल. मरिया म्हणजे आमची सून होती, फक्त तिला जरा धीट केलेलं. आणि लूक ब्रश धरून बसलेला. कापलेली दाढी, उंच कपाळ, एक भुवई जरा वर. वर्तमानपत्रातल्या फोटोत असते तशी.

"हा कोण?" मी विचारलं.

"लूक."

"आरशात बघून काढलास का लूक?"

"आई, सुरू नको होऊस."

"मग खिडकीशी मान मोडून बसली होती ती कुणासाठी?"

"तिला घेतलंय ना. बघ की नीट." आणि त्यानं लूकच्या पायाशी बोट दाखवलं.

तिथं बैल बसला होता. लूकचा बैल, पुढचे पाय दुमडून, मान खाली. खांदे सोडलेले. जबडा सैल. आणि डोळे माझ्या पोरीचे. तीच जड पापणी, तोच खालून उचललेला काठ, बघताना जरा उजवीकडे वळायची तीच सवय. डाव्या डोळ्यात फूलसुद्धा. तेवढं पांढरं, अगदी तांदळाच्या कणीएवढं, जागच्या जागी.

माझ्या हातातला ब्रश खाली ठेवायला मला जागा सापडेना.

एवढ्यात थोरली आली. तिला चित्र लांबून दिसत नाही. ती फळीच्या अगदी जवळ जाते आणि डावीकडून सुरू करून वाचल्यासारखी बघत जाते. मी तिला अडवायला हवं होतं. तिनं आधी मरियेचे हात बघितले, "बोटं सुरेख झालीत." मग लूकपाशी आली. थांबली. "तूच आहेस की रे हा." हसायचा प्रयत्न केला. मग तिचं नाक फळीवरून खाली खाली सरकत गेलं आणि बैलापाशी थांबलं.

ती बराच वेळ तिथं होती. रस्त्यावरून एक गाडी गेली, खिडकीची काच थरथरली, थांबली. तिनं हात वर नेला आणि आपल्या डाव्या डोळ्याला बोट लावलं.

"पापणी बरोबर खालून उचललीस," ती म्हणाली. "विसरला नाहीस." आणि वळून म्हणाली, "आई, वर दूध ठेवलंय, बघून येते."

वर दूध नव्हतं. दूध मी सकाळीच तापवलं होतं.

मी धाकट्याला म्हटलं, "लाज वाटते का?"

"कशाची? अगं, सगळ्या चित्रात उत्तम काय झालंय ते बघ. येणारा प्रत्येक माणूस बैलच बघणार. मी तिला चित्राच्या काळजात बसवलंय."

"पायाशी बसवलंयस."

"लूकला दाढी असते, आई! बाईचा चेहरा कसा देणार? लोक हसले असते."

"बापाचा चेहरा तिच्यासारखाच होता. दाढी चिकटवली की झालं. तू काय पहिल्यांदा दाढी काढत होतास?"

मग जे बोलला ते त्यानं बरीच वर्षं तोंडात धरून ठेवलेलं असणार. "आणि तिनं शिकवलं हे कुणाला माहीत आहे? गावभर तूच सांगितलंस ना, बापानं शिकवलं म्हणून? ती काम करायची तेव्हा तिला वर कोण पाठवायचं? तिला दोन स्थळं आली होती. त्या घड्याळवाल्याच्या घरचं तर तिला आवडलंही होतं. परत कुणी पाठवलं? तेव्हा तू म्हणालीस, ही गेली तर चेहरे कोण करणार. मी जिन्यात बसून ऐकलंय. तू तिला राबवलीस तेव्हा ते घर सांभाळणं होतं, आणि मी तिला आहे तशी काढली तर मी वाईट?"

सून दारात उभी होती. ती लगेच वर निघून गेली.

खोटं काय होतं त्यात? एक शब्द नाही. घड्याळवाल्याचा मुलगा दोनदा येऊन गेला होता, आमचं भिंतीवरचं घड्याळ बिघडलेलं नसताना. मी त्याच्या आईला सांगितलं, मुलीचं मन नाही. मुलगी वर चहा ठेवत होती.

मी म्हटलं, "मी केलं ते केलं. त्याचा जाब मला विचारायचा तर तिनं विचारावा. तुझ्यासाठी केलं होतं ते, तुझ्या तोंडी ते शोभत नाही. चेहरा खरवड."

"आज? चार वाजता माणसं न्यायला येणार आहेत."

"मग मी व्हार्निश लावत नाही."

तेवढ्यात फादर आले. बघायला म्हणून आधीच आले होते. तरुण माणूस, चपला बाहेर काढू की नको असं करत आत आले, चित्रापुढं उभे राहिले आणि खरोखरच आनंदले. "वा! बैल तर काय, आत्ता रवंथ करेल! आजी, तुमच्याकडे शिकवणाऱ्याचा चेहरा लूकला द्यायची पद्धत आहे ना? हा कुणाचा?"

धाकटा पटकन म्हणाला, "बाबांचा. तरुणपणचा. मी त्यांच्यावरच गेलोय, सगळे म्हणतात." आणि माझ्याकडे बघितलं.

ती नजर मी ओळखते. चाळीस वर्षं मी जे खोटं गावाला वाढत होते, तेच त्यानं ताटात घालून माझ्यापुढं सरकवलं होतं. खा, तुझंच आहे. मी नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं. मान डोलवायची मला सवय होती.

"नाही, फादर," मी म्हटलं. "ह्यांनी याला काही शिकवलं नाही. ह्यांचा हात थरथरायचा. याला शिकवलं माझ्या थोरलीनं. तुमच्या चर्चमध्ये दाराजवळची मरिया आहे ना, ती तिची. वरचे दोन देवदूत तिचे. अकरा वर्षं या घरातून जे चेहरे गेले ते सगळे तिचे. मी लोकांना खोटं सांगितलं."

बोलून झालं. मला वाटलं, छप्पर खाली येईल.

फादरांनी धाकट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग लहान मुलाला म्हणतात तशा आवाजात म्हणाले, "अरे वा! हे माहीतच नव्हतं. घरातल्या बायकांचा हातभार किती मोठा असतो, नाही? एखाद्या प्रवचनात सांगेन मी."

"हातभार नाही. काम तिचं होतं."

"हो, हो. तेच." त्यांनी घड्याळ बघितलं. "शनिवारी बसवायचंय, आजी. चार वाजता माणसं पाठवतो. तेवढं व्हार्निश..." आणि जाता जाता दारातून पुन्हा म्हणाले, "बैल मात्र अप्रतिम."

झालं. चाळीस वर्षं जे सांगायला मी मरणाला घाबरले, ते सांगायला अर्धं मिनिट लागलं, आणि ऐकणाऱ्याला घाई होती. वेळेवर सांगितलं असतं तर कदाचित आमचं नुकसान झालं असतं. आता कुणाचंच काही झालं नाही. उशिरा सांगितलेल्या खऱ्याला कुणी शिव्यासुद्धा देत नाही.

धाकटा म्हणाला, "झालं समाधान?"

जिन्यावर थोरली उभी होती. सगळं ऐकलेलं. ती खाली आली, वाटीतलं व्हार्निश बोटानं बघितलं. "घट्ट होतंय, आई. लाव."

"मी त्याला चेहरा बदलायला लावते. नाही बदलला तर फळी इथंच राहील. फादर काय करणार आहेत? मला उचलून नेणार?"

"आता बदलला, तर तुझ्या धाकानं बदललेला असेल. तो माझा चेहरा नसेल, तुझा हट्ट असेल." ती शांत बोलत होती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "आणि बैलाचा डोळा खरवडू देऊ नकोस. चांगला झालाय. इतका चांगला मी कुणाला शिकवला असेन असं मला वाटलं नव्हतं."

"तुला काहीच म्हणायचं नाही? मला? त्याला?"

"तुला म्हणायचं होतं. पंचवीस वर्षांची होते तेव्हा. तेव्हा तू ऐकलं नसतंस, आता मला आठवत नाही कसं म्हणायचं होतं ते." तिनं रुंद ब्रश उचलून माझ्या हातात दिला. "लाव."

मी लावलं. बैलापासून सुरुवात केली. शिंगं, कपाळ, मग तो डोळा, त्यावरून एकदाच, हलक्या हातानं. मग मरियेचा झगा, मग तिचे हात. शेवटी लूकचं तोंड. त्याच्यावरूनही तितकाच सारखा हात फिरवला. अर्धवट काम करायचं मला कुणी शिकवलेलं नाही. थोरली बाजूला उभी राहून वाटी धरत होती आणि कुठं कोरडं राहिलं ते वासावरून सांगत होती.

माणसं चारला आली आणि फळी घेऊन गेली. सून वर सामान बांधत होती. धाकटा पेटीची कुलपं लावत होता, आणि जणू काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाला, "ताईला सांग, पुढच्या वर्षी माझं मोठं काम आहे, मी इथं येऊन करेन. ही खोली उजेडाला चांगली आहे." ताई चार हातांवर वर्खाची चौकट पुसत बसली होती.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो माझ्यापेक्षा दोन वीत उंच आहे, पण वर त्यालाच बघायला लागल्यासारखा बघत होता.

"ऐक," मी म्हटलं. "तिच्यावर अन्याय मी केला, आधी मी. पण मी रोज उठून स्वतःला सांगत होते की मी अन्याय करतेय. तू तिच्याकडे तीन दिवस बघत बसलास. तुला तिची मान दिसली, थकवा दिसला, डोळ्यातलं फूल दिसलं, सगळं दिसलं, आणि मग तू ते नेऊन स्वतःच्या पायाशी ठेवलंस. 'मला दिसलं नाही' असं म्हणायची सोय तू स्वतःला ठेवली नाहीस. चित्रकार तू मोठा आहेस, ते मी कुणालाही सांगेन. माणूस हलका निघालास, हेही सांगेन. आई म्हणून भेटायचं तर वर ये, जेवायला वाढीन. या खोलीत पाय ठेवायचा असेल तर तिला विचारायचं. ती नाही म्हणाली, की बाहेरच्या बाहेर परत जायचं."